चौकटीत बसेल तेवढं घर

मी एक वेबकॅम बोलतोय. आकाराने लिंबाएवढा, रंगाने राखाडी आणि एकाच डोळ्याचा. डोळ्याखाली एक चिमटा आहे, त्याच्या आधाराने मी कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसतो. बोलणं हे माझं काम नव्हे. ऐकणंही नव्हे, त्यासाठी शेजारी वेगळा माईक असे. पण एखाद्या घरात वर्षानुवर्षं राहिलं की कानावर पडायचं ते पडतंच, आणि कधीतरी ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण डोळ्यावर प्लास्टिकचं झाकण होतं. ते झाकण निघालं ते थेट रत्नागिरीत, परटवण्याला, २००३ साली. गंधार नावाचा मुलगा अमेरिकेत नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने मला पायमोज्यात गुंडाळून आणलं आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बसवलं. वडिलांना म्हणाला, "आप्पा, आता दर रविवारी सकाळी आपण एकमेकांना बघायचं."

आप्पा म्हणजे गोपाळकृष्ण. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलीही वायर दिसली की त्यांना हुरूप येई. गंधारची आई वासंतीबाई. त्यांना वायरीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना मुलगा दिसण्याशी होतं.

गंधार परत गेला आणि पहिला रविवार आला. फोनच्या लायनीवरून मोडेम किंचाळला, खरखरला, आणि बऱ्याच वेळाने पडद्यावर गंधारचा चौकोनी चेहरा उमटला. वासंतीबाईंनी डोळे पुसले. गंधारने विचारलं, "आई, मागे भिंतीला ओल आलीय का?"

झालं. तिथून त्या घराचं बिनसलं.

पुढच्या रविवारच्या आत वासंतीबाईंनी भिंतीला बदामी रंग लावून घेतला. पण सगळ्या भिंतीला नाही. माझ्या डोळ्याला दिसेल तेवढ्याच भागाला. आप्पांनी हातात खडू घेतला, पडद्याकडे बघत बघत वासंतीबाईंना इकडेतिकडे सरकवलं, आणि माझी नजर जिथे संपते तिथे जमिनीवर रेघ मारली. रेघेच्या आतलं घर अमेरिकेला दिसणार, बाहेरचं नाही. मग घरातली चांगली वस्तू एकेक करून रेघेच्या आत यायला लागली. नवा सोफा आला. काचेचं शोकेस आलं. स्वयंपाकघरातला फ्रिज हॉलमध्ये आला, आणि वासंतीबाई दुधासाठी दर वेळी घरभर चालत जाऊ लागल्या. टीव्हीसुद्धा आला, पण त्याचं तोंड माझ्याकडे केलेलं. त्यामुळे घरातल्यांना टीव्हीची पाठ दिसे. रोजच्या बातम्या आप्पा कॉम्प्युटरच्या मागे उभं राहून, माझ्या डोक्यावरून वाकून बघत.

बाहेरच्या भागात मात्र दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, इस्त्रीचे कपडे आणि गळतीखाली ठेवलेली बादली. माणसं राहत तिथेच. आतल्या भागात फक्त रविवारी येत.

लाइन मंद असल्यामुळे जरा हललं की चित्र विस्कटे. म्हणून गंधारने सांगितलं होतं, फार हलू नका. आप्पांनी हे इतकं मनावर घेतलं की एका रविवारी ते पापणीही न हलवता बसून राहिले. गंधार म्हणाला, "आई, आप्पा हँग झालेत. बंद करून परत लावतो." वासंतीबाईंना हँग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी घाबरून आप्पांच्या नाकापुढे हात धरला. आप्पा हळूच म्हणाले, "श्वास चालू आहे. हलायला सांगितलं नाहीये." तोवर गंधार गेला होता.

गंधारने एकदा परसातला केळीचा लोंगर, म्हणजे घड, बघायचा म्हटलं. माझी वायर जेमतेम हातभर. मी परसात जाणं शक्य नव्हतं, म्हणून आप्पांनी केळच कापून आणली आणि सोफ्याच्या मागे उभी धरली. गंधार खूश झाला. म्हणाला, "किती वाढली हो." वासंतीबाई त्या दिवशी दोनदा परसात जाऊन नुसता बुंधा बघून आल्या. लोंगर अजून तयार व्हायचा होता.

आता येसूबाईंविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं, किंवा खरं म्हणजे त्यांच्याबाबतीत घडलं.

येसूबाई गडग्यापलीकडे राहत. गडगा म्हणजे दोन आवारांमधली चिऱ्यांची बुटकी भिंत. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. नवरा वारलेला, मुलगा महेंद्र मस्कतला गोदामात कामाला. त्यांचं घर दोन खोल्यांचं, कौलारू. दर्शनी भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली रोज ताजं फूल. वासंतीबाईंशी त्यांचा गडग्यावरून रोजचा संबंध. कढीपत्ता इकडून तिकडे जाई, बोंबलाचा वास तिकडून इकडे येई. कधी काम असलं तर येसूबाई पडवीत बसून बोलून जात. आत या असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. आपणही त्यांच्या घरी जाऊन चहा घ्यावा असं वासंतीबाईंना सुचलं नव्हतं. का, ते दोघींना ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो विषय निघत नसे.

महेंद्र गेल्यापासून घरी आला नव्हता. येसूबाई एकदा बाजारातल्या सायबर कॅफेत गेल्या, पण तिथले पडदे लावलेले कप्पे बघून तशाच परतल्या. हे त्यांनी गडग्यावरून सांगितलं तेव्हा वासंतीबाई एकदम म्हणाल्या, "तिकडे कशाला जाता? आमच्याकडे या. आत."

त्या शुक्रवारी, महेंद्रच्या सुट्टीच्या दिवशी, येसूबाई आल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. वासंतीबाईंनी त्यांच्या हाताला धरलं आणि खडूच्या रेघेच्या आत, सोफ्यावर नेऊन बसवलं.

पडद्यावर महेंद्र आला. येसूबाईंनी पदर सारखा केला. मग महेंद्र म्हणाला, "आई, बसायची सोय चांगली केलीस गो."

"हां, मऊ हाय," येसूबाई म्हणाल्या.

"फ्रिज पण."

"फ्रिज पण हाय."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. येसूबाईंना वाटलं, मुलगा वैनींच्या घराचं कौतुक करतोय. मुलाला वाटलं, आपण पाठवलेल्या पैशांतून आईने घर सजवलं. मी दोघांकडे बघत होतो, पण चेहरे पोचवायचे एवढंच माझं काम. गैरसमज अडवायची सोय माझ्यात नाही.

मग येसूबाई दर शुक्रवारी येऊ लागल्या. गंधारचा रविवार, महेंद्रचा शुक्रवार. एकच सोफा, एकच बदामी भिंत, आणि परदेशातल्या दोन मुलांची दोन घरं.

मस्कतला महेंद्रच्या खोलीत रावजी नावाचा माणूस राही, मूळचा संगमेश्वरकडचा. त्याने महेंद्रच्या खांद्यावरून तो हॉल बघितला. त्याची भाची मनाली लग्नाची होती. त्याने लगेच मनालीच्या वडिलांना, महिपतरावांना, कळवलं. महिपतराव शाळामास्तर. एके संध्याकाळी त्यांनी बूथवरून वासंतीबाईंच्या फोनवर फोन केला, कारण महेंद्रने आईचा म्हणून तोच नंबर दिला होता. येसूबाईंना हाक मारून बोलावलं.

"ताई, येत्या रविवारी आम्ही येतो," महिपतराव म्हणाले. "मुलगा कॉम्प्युटरवर दिसेल म्हणे. त्याने शुक्रवारची सुट्टी बदलून रविवारी घेतलीय. आणि तुमचा हॉल तर रावजींनी बघितलाच आहे. सोफा, टीव्ही, सगळं. आमची मनाली सुखात राहील."

येसूबाईंनी फोन ठेवला आणि त्या सोफ्याकडे बघत उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "वैनी, हे तुमचं घर त्यांनी माझं म्हणून बघितलंय."

परत फोन करून सांगावं तर महिपतरावांच्या घरी फोन नव्हता. वासंतीबाईंनी विचार केला. "असं करू. रविवारी तुम्ही इथे बसा. आम्ही दोघं तुमच्या घरी जाऊन बसतो."

"नाय वैनी. माझ्या सुनेला मी माझ्या घरात चहा देईन. दुसऱ्याच्या घरात नाय."

"पण महेंद्र दिसायला कॉम्प्युटर लागणार."

"मग कॉम्प्युटर तेवढा द्या."

इथे आप्पांनी तोंड घातलं. माळ्यावर त्यांच्याकडे जुन्या वायरीचं भेंडोळं होतं आणि ते वापरायची संधी ते निवृत्तीपासून शोधत होते. म्हणाले, "कॉम्प्युटर नेतोच आहोत तर हॉलही नेऊ. रावजींनी जे बघितलं ते येसूबाईंच्या घरात असलं म्हणजे झालं. मग खोटं कसलं?"

येसूबाईंना यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण नेमकं काय ते बोट ठेवून दाखवता येईना. मुलाचं लग्न हा असा विषय आहे की त्यात शहाणी माणसंही थोडी भुलतात.

शनिवारी माणसं बोलावून हॉल हलवला. सोफा गडग्यावरून जाईना म्हणून गडग्याचे चिरे काढले. फोनची वायर कढीपत्त्यावरून, पेरूवरून, येसूबाईंच्या कौलांखालून आत आली. मी वासंतीबाईंच्या मुठीत बसून गेलो. त्याच मुठीतून मी त्यांना पहिल्यांदा येसूबाईंच्या घरात शिरताना पाहिलं. चप्पल काढताना त्या जरा अडखळल्या, मग गेल्या. येसूबाईंनी पाणी दिलं. त्या प्यायल्या.

खोलीत सोफा बसला, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्याचा एक हात बाहेरच्या दारात आला. शोकेस मावेना म्हणून ते अंगणात राहिलं. फ्रिज ठेवायला जागा उरली ती फक्त स्वयंपाकघराच्या दारात, आणि एकदा तो तिथे ठेवल्यावर येसूबाईंच्या घराचे कायमचे दोन भाग झाले. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जायचं तर अंगणाला वळसा. सोफ्यामागच्या खिडकीला वासंतीबाईंनी आपला फुलाफुलांचा पडदा लावला. टीव्ही सवयीने माझ्याकडे तोंड करून ठेवला.

रविवारी सकाळी महिपतराव आले. बरोबर पत्नी गंगाबाई आणि मनाली. दारात सोफ्याचा हात आडवा बघून महिपतराव क्षणभर थबकले. मग धोतर सावरून त्यांनी गंभीरपणे एक पाय पलीकडे टाकला, दुसरा टाकला, आणि बसले. गंगाबाईंना मनालीने हात दिला. तिघं ओळीने बसली तेव्हा त्यांचे गुडघे कॉम्प्युटरच्या टेबलाला टेकले होते. टेबलामागे, मोडेमवर लक्ष ठेवायला, आप्पा उकिडवे बसलेले. त्यांच्या शेजारी भिंतीला चिकटून वासंतीबाई.

"हे कोण?" महिपतरावांनी विचारलं.

"शेजारी," आप्पा खालून म्हणाले. "मशीन सांभाळायला."

पडद्यावर महेंद्र आला, नवा शर्ट घालून, मागे निळा पडदा सोडून. नमस्कार झाले. महिपतरावांनी नोकरीचं विचारलं, त्याने सांगितलं. मग तो म्हणाला, "आई कुठाय?"

आई स्वयंपाकघरात होती आणि फ्रिज दारात होता. चहाचा ट्रे घेऊन त्या मागच्या दाराने निघाल्या, अंगणाला वळसा घालून आल्या, पण सोफ्याचा हात ओलांडून ट्रे आत आणणं जमेना. म्हणून त्या खिडकीशी गेल्या, बाहेरून हात घालून पडदा सरकवला आणि गजांमधून एकेक कप आत देऊ लागल्या. महिपतरावांच्या कानाशेजारून कप आला. त्यांनी मान न वळवता घेतला.

महेंद्र तिकडे कॉम्प्युटरच्या अगदी जवळ आला. "ही खिडकी आपली हाय," तो म्हणाला. "हिरवे गज. मीच रंगवलेत. मग सोफा कुणाचा?"

खोलीत कोणी उत्तर द्यायच्या आत दुसरा आवाज आला. रविवार म्हणजे गंधारचाही दिवस, आणि त्याला आज येऊ नको असं सांगायचं सगळ्यांच्या डोक्यातून गेलं होतं. मी एका वेळी दोघांना दाखवू शकतो, ही माझी खुबी. गंधारला आपला सोफा दिसत होता, आपला पडदा दिसत होता, त्यावर अनोळखी माणसं, आणि मागे वेगळीच भिंत.

"तुम्ही कोण?" स्पीकरमधून तो म्हणाला. "हे आमचं सामान आहे. माझे आईवडील कुठे आहेत?"

गंगाबाई अंग आखडून सोफ्याच्या कडेला सरकल्या. महिपतराव सावकाश खाली टेबलामागे बघू लागले. वासंतीबाई भिंतीशी मिटून गेल्या. आप्पांना हे अवघड आहे हे कळत होतं, पण त्यांनी हात वर केला आणि माझ्यासमोर हलवला. "गंधार, मी इथे आहे. खाली. जिवंत आहे."

महिपतरावांनी कप टेबलावर ठेवला. तो न संपवता ठेवला होता, आणि त्याचा अर्थ खिडकीतल्या बाईला बरोबर कळला.

येसूबाई गजांना धरून म्हणाल्या, "महिपतराव, चहा घ्या आणि ऐका. सोफा वैनींचा. फ्रिज वैनींचा. टीव्ही त्यांचा, हा पडदा त्यांचा. खोली माझी. खिडकी माझी. पोरगा माझा. मी तुम्हाला काय खोटं सांगितलं नाय, पण खरं सांगायला उशीर केला. आता उठायचं तर उठा, मी रागावणार नाय."

महिपतराव उठले. म्हणजे उठायला गेले, पण गुडघे टेबलाला अडकले आणि परत बसले. गंगाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. महेंद्र तिकडे कपाळाला हात लावून बसला होता.

तेव्हा मनाली पहिल्यांदा बोलली. तिने खोलीभर नजर फिरवली होती, जेवढी फिरवता येत होती तेवढी. "मावशी, सोफा काढला तर खोली केवढी आहे?"

"बरीच मोठी हाय गो," येसूबाई म्हणाल्या.

"मग काढून बघू या ना."

महिपतराव मुलीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बघायला आलोय तर नीट बघू."

पण काढणं सोपं नव्हतं. आधी टीव्ही बाहेर गेला. मग आप्पा आणि महिपतराव यांनी फ्रिज ढकलला. धोतराचा सोगा खोचून महिपतरावांनी सोफ्याचं एक टोक धरलं. सोफा दारात अडकला. तेव्हा मस्कतहून महेंद्र म्हणाला, "डावीकडून तिरपा करा," कारण ते दार त्याच्या अंगवळणी होतं. आणि अमेरिकेतून गंधार म्हणाला, "आप्पा, आधी उभा करा, त्याचे पाय निघतात," कारण सोफा त्याचा होता. एकाला दार माहीत, दुसऱ्याला सोफा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या सांगण्यावर तो सोफा इंचाइंचाने बाहेर गेला.

त्या धांदलीत कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि मी खाली पडलो. पाठीवर. आयुष्यात पहिल्यांदा मी कौलं पाहिली, आणि त्यातल्या एका काचेतून आत आलेलं ऊन. मग मनालीने मला उचललं. वायर पुरेल तिथवर मला फिरवत तिने महेंद्रला त्याचं घर दाखवलं. सारवलेली जमीन, चकचकीत भांड्यांची फळी, तसबिरीखालचं फूल, मागच्या खोलीत सरकवलेला त्याचा पत्रा मारलेला पलंग.

"तुम्ही पण दाखवा," मनाली म्हणाली. "तो निळा पडदा बाजूला करा."

"मागे काय नाय तसं."

"नाय ते बघते."

महेंद्रने पडदा ओढला. मागे एकावर एक बांधलेल्या खाटा होत्या, दोरीवर बनियनं वाळत होती, आणि खालच्या खाटेवर, तोंड उघडं टाकून, रावजी झोपलेला होता.

महिपतरावांनी मेहुण्याला ओळखलं. बराच वेळ बघितलं. मग सोफ्याविना रिकाम्या झालेल्या जमिनीवर चटई ओढून बसत म्हणाले, "ताई, तो चहा निवला. दुसरा कराल का?"

लग्न ठरलं ते असं. वैशाखात बुद्धवंदना होऊन लागलंही. महेंद्र पुढच्या वर्षी कायमचा परत आला आणि मिरजोळ्याला एका कंपनीच्या गोदामात लागला. गडग्याचे काढलेले चिरे आप्पांनी पाण्याच्या टाकीखाली घातले, त्यामुळे गडगा तसाच उघडा राहिला. येसूबाई आणि वासंतीबाई आता तिथून सरळ ये-जा करतात.

गंधारचा मात्र राग बरेच दिवस गेला नाही. तो म्हणे, "मी तुम्हाला घर दाखवा म्हटलं होतं, प्रदर्शन नाही." वासंतीबाईंनी तेव्हा एक गोष्ट केली. मला आणि कॉम्प्युटरला उचलून स्वयंपाकघरात नेलं. तिथे भिंतीचा रंग उडालेला होता, आणि त्या तिथेच बसून वाल सोलत. गंधारला ते दिसू लागलं. पुढे वेगवान लाइन आली आणि मी तासन्‌तास चालू राहू लागलो. दोघं फारसं बोलत नसत. आई वाल सोले, मुलगा तिकडे रात्रीचं जेवण जेवे. कधी तो आहे हे विसरून ती उठून जाई, आणि तो तिच्या रिकाम्या पाटाकडे बघत शांतपणे जेवण संपवी. माझ्या सगळ्या नोकरीत ते दिवस मला सर्वांत आवडले.

मग गंधारने लॅपटॉप पाठवला. त्याला डोळा कपाळातच होता. मला काढून कपाटात ठेवलं, आणि कोकणातल्या दमट हवेने माझ्या भिंगात बुरशी धरली. आप्पांचा जीव मला टाकून द्यायला धजेना. त्यांनी मला एका काठीला बांधून अंगणात रोवलं, आमसुलांच्या वाळवणावर, कावळ्यांना धाक म्हणून. कावळे माझ्या डोक्यावर बसून आमसुलं खातात. पण आप्पांना हे कोणी सांगत नाही.

तुमच्या घरी माझ्या जातीचं कोणी असेल, आणि आता तर खिशाखिशात आहे, तर त्याला कधीतरी नुसतं बघू द्या. समोर काही मांडू नका. एवढंच मागतो आणि रजा घेतो, कारण ऊन कलतंय. वासंतीबाई वाळवण उचलायला आल्या आहेत. पदर खोचलेला, हातांना कोकमाचा लाल रंग, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत. बुरशीआडूनही मला त्या अख्ख्या दिसतायत, पायांच्या बोटांपर्यंत. हे आता कुठल्याच देशात पोचणार नाही. माझ्यापाशीच राहील.